क्लिफ टलॉकच्या डेलियांची माती

आमच्या मॉसगिल गावात क्लिफ टलॉकची डेलियाची फुलं ताटाएवढी होतात. कुंडीच्या मातीत तो काय कालवतो, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या बायकोला, नोएलीनलाही कळलं नव्हतं. मी कुंपणापलीकडचा शेजारी. त्याचं मिश्रण चाललं, की मी शिडी लावून छपराची पन्हाळ साफ करायला चढायचो. पन्हाळीत एक पान नसायचं.

फुलांच्या प्रदर्शनात त्याच्याखालोखाल नंबर स्ट्रँगचा. या दोघांनी एकमेकांचं सगळं क्षमा केलं असतं, पण माती नाही.

क्लिफची एक खोड होती. विकतच्या कंपोस्टची पिशवी फोडली, की आत तोंड खुपसून छातीभर वास घ्यायचा. पिशवीवर ठळक लिहिलेलं असतं, मास्क लावा, तोंडापासून लांब धरून उघडा. "ते ऑकलंडवाल्यांसाठी," क्लिफ म्हणायचा.

ऑक्टोबरात कंद लावले आणि आठवड्याभरात गडी तापाने फणफणला. तीन दिवस "साधं पडसं" चाललं. चौथ्या दिवशी आमच्या दोरीवरच्या गाऊनला स्ट्रँग समजून तो शिव्या घालू लागला, तेव्हा नोएलीनने त्याला गाडीत कोंबलं. त्याआधी मात्र त्याची नखं ब्रशने घासून काढली. टलॉकांच्या घरचा माणूस मळक्या नखांनी दवाखान्यात जात नाही.

दवाखान्यात नोएलीन गाडी लावायला गेली, सोबत आलेला मी क्लिफजवळ थांबलो, तेवढ्यात डॉ. पाएवाईंनी विचारलं, "मातीत, कंपोस्टमध्ये हात घातला होता का?"

"छे!" क्लिफ म्हणाला. सलाइन लावणारी नर्स स्ट्रँगची सून होती. मी तोंड उघडलं, तर त्याने माझं मनगट असं आवळलं, की आजारी कोण हेच कळेना. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही नको तिथे.

दोन दिवस औषध चाललं. ताप हलेना, ऑक्सिजन मात्र वाढवावा लागला. नोएलीन खुर्चीत बसून त्याची छाती वरखाली होताना पाहत राहिली. मला राहवलं नाही. डॉक्टरीणबाईंना गाठून म्हटलं, "बाई, हा माणूस पिशवीत नाक घालतो."

त्या तडक त्याच्या खाटेशी गेल्या. "टलॉक, ऐका. फुप्फुसाच्या इवल्या फुग्यांत पहारेकरी पेशी फिरतात. धूळ, जंतू, दिसेल ते गिळून पचवतात. झेपेना, की हाका मारतात. मग रक्तातून दुसऱ्या पेशींच्या झुंडी धावून येतात. त्या धुमश्चक्रीत पू-पाणी साचतं, तेच तुमच्या छातीच्या फोटोत पांढरं दिसतंय. पण कंपोस्टमधला एक जंतू बेरकी. पहारेकऱ्याने गिळला, की त्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो आणि पिल्लं वाढवतो."

"पोटात?" क्लिफ धापा टाकत म्हणाला. "आणि तो गाढव गिळतोच कशाला?"

"गिळणं हेच त्याचं काम. आमचं आत्ताचं औषध पेशीच्या आत पोचत नाही. आत शिरणारं दुसरं आहे. म्हणून खरं सांगा, कंपोस्ट होतं का?"

क्लिफने नोएलीनकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्याने मग स्ट्रँगच्या सुनेकडे पाहिलं. आणि बांध फुटला.

"दोन भाग कंपोस्ट... एक भाग कुजका पाला... आपल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरचं शेवाळ, पावसात धुतलेलं... तळाशी मेंढीच्या शेपटाकडची मळकी लोकर, मूठभर..."

"अहो, कंपोस्टची पिशवी फोडली, एवढंच हवं होतं मला," बाई म्हणाल्या आणि औषध बदलायला निघून गेल्या. स्ट्रँगची सून सलाइनची नळी धरून जागीच थिजली होती. तिचे ओठ पाठांतर केल्यासारखे हलत होते.

औषध बदलल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. क्लिफने डोळे किलकिले केले.

"नोएलीन, सगळं बोललो मी?"

"सगळं."

"लोकरीचंही?"

"तेही."

"मरू द्यायचं होतंस गं मला."

"गप्प बस," नोएलीन म्हणाली आणि घरून आणलेला गरम चीज रोल त्याच्या तोंडात कोंबला. "खा."

त्याने दोन खाल्ले.