उशिरा टाकलेले पत्ते

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता विसरलो. ही एक मात्र पाठ सोडत नाही.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका कंपनीतला मॅनेजर तक्रार घेऊन आला. कपाटातून बायकोच्या पाटल्या गेल्या, संशय मोलकरणीवर. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. घरात चोरी झालेला माणूस आधी विचारतो, "साहेब, माल मिळेल ना?" यानं तीनदा एफआयआरची प्रत मागितली, बायकोला दाखवायला. मला तिथंच खटकलं होतं.

तरी बाईला बोलावलं. मानखुर्दहून यायची, पाच घरची कामं करायची. महिला शिपायासमोर तिला तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. 'बाई कबूल होईल,' असं मी वरिष्ठांना सांगून बसलो होतो. ती एकच म्हणायची, "मी नाय घेतल्या, साहेब. कितीपण वेळा विचारा."

चौथ्या दिवशी साकीनाक्याच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचा तो तक्रारदार दर रविवारी दुपारी इथं पोकरला बसतो. मागच्या खेपेला त्याची पार वाट लागली."

मॅनेजरला बोलावलं, चहा मागवला आणि म्हटलं, "मला जरा पोकर समजावून सांगा."

आधी घाबरला, मग गडी खुलला. बोली कधी वाढवायची, समोरच्याची थाप कशी ओळखायची, सगळं सांगितलं. "मेन गोष्ट काय साहेब, आधी लावलेला पैसा आपला नसतो. तो विसरायचा. आत्ता हातात काय आहे तेवढंच बघायचं. दम नसेल तर फोल्ड. पत्ते टाकायचे आणि गप्प बसायचं."

"मग त्या रविवारी का नाही टाकलेत?"

त्यानं कप बाजूला सरकवला. "खूप लावून झालं होतं ना, साहेब."

त्यानंच गहाण ठेवलेल्या पाटल्या एका सराफाकडे मिळाल्या. मॅनेजरला मी भरपूर सुनावलं. पण स्टेशन डायरी लिहायला बसलो आणि मलाच माझी लाज वाटली. पहिल्या दिवशी खटकलेलं मी का गिळलं? वरिष्ठांना शब्द देऊन झाला होता, डायरीत नोंदी झाल्या होत्या. पत्ते टाकायचा त्याचा नियम मलाही ठाऊक होता, उपयोग दोघांनाही झाला नाही.

बाईला सांगितलं, "तुझ्यावर आता काही नाही."

"चार घरची कामं गेली, साहेब," ती म्हणाली. "मी नाय घेतल्या, ते तुम्हाला कधी कळलं?"

"काल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि चप्पल घालून गेली. तिचा पत्ता माझ्याकडे होता. खरं सांगायला मी आजवर गेलेलो नाही.