निम्मा म्हणजे किती?

आमच्या माती तपासणीच्या लॅबमधल्या मॅडमना टक्के चालत नाहीत. कुणी सहज म्हणालं, "आज बाजार निम्मा रिकामा होता," तरी त्या चष्म्यावरून बघत विचारतात, "निम्मा म्हणजे किती?" त्यांच्याबरोबर डबा खाणं त्यामुळे जरा जडच जातं.

मातीचा नमुना आला की त्या त्यात आधी समुद्रातले थोडे जिवाणू मोजून टाकतात. ते सोलापूरच्या मातीत मुळात नसतात. मशीन कुठली जात किती टक्के एवढंच सांगतं. या मोजलेल्या पाहुण्यांशी ताडून बघितलं की बाकीचे खरोखर किती, ते कळतं.

मागच्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ करमाळ्याहून आले. ते जिवाणू खत बनवतात. खत घातलेल्या केळीच्या मातीत त्यांच्या जिवाणूंचे टक्के, खत न घातलेल्या मातीपेक्षा दुप्पट निघाले होते. हे फोनवर माझ्याकडूनच कळल्यामुळे ते पेढे घेऊन आले होते.

एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम त्यांच्याशी गावाकडचं बोलल्या.

"दादा, मोजले तर तुजे जिवाणू दोन्ही मातीत तेवढेच हायत. बाकीचे मेलेत."

"आगं, पण दुप्पट झालंय की!"

"माती निम्मी मेलीय, दादा."

भाऊ चहा न घेताच गेले. मी म्हणालो, "मॅडम, रिपोर्टात नुसते टक्केच दिले असते तर?"

"तेही खरंच होतं की," त्या म्हणाल्या आणि पेढ्यांचा बॉक्स न उघडता माझ्याकडे सरकवला.