कोरडेबुवांचा साबण

रंगाच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी पत्र्याची शेड आहे. तिच्यात एक खुर्ची, एक आरसा, आरशाखाली लाकडी फळी. या खुर्चीवर बसल्याशिवाय कारखान्यातला कुणी माणूस टाकीत उतरत नाही. मी वाढवून सांगत नाही, तसा नियमच आहे.

टाकी म्हणजे दोन माणूस उंचीचं लोखंडी पिंप. रंग काढून घेतला की तळाशी गाळ बसतो, आणि तो माणसानंच आत उतरून खरवडावा लागतो. आतली वाफ अशी की दोन श्वास घेतले तर तिसरा घ्यायला माणूस उरत नाही. म्हणून उतरणारा तोंडावर रबरी मास्क चढवतो आणि त्याला बाहेरून नळीनं हवा देतात. मास्कची कड कपाळापासून हनुवटीखालपर्यंत कातडीला चिकटून बसली पाहिजे. एका रात्रीची खुंटं जरी मध्ये आली, तरी वाफ त्यांच्यामधून वाट काढते.

ही वाट बंद करायचं काम पंचवीस वर्षं एका न्हाव्याकडे होतं. सगळे त्याला कोरडेबुवा म्हणत. आडनाव दुसरंच होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. साबण कोरडा ठेवण्याचं त्यांचं वेड पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

वेड म्हणा, पण त्यात शिस्त होती. दाढी झाली की बुवा वाटी उपडी करून शेवटचा थेंब निथळू देत. वडीवरचा फेस फडक्याच्या कोपऱ्यानं टिपत. मग वडी वाटीतून काढून लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर कडेनं उभी करत, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागावा. उन्हात नाही, उन्हात वडी तडकते. भिंतीला टेकवून नाही, टेकलेली बाजू घाम धरते. अशा तीन वड्या. आज जी वापरली तिला पुढचे दोन दिवस सुट्टी. सकाळी हातात घेतली की आधी अंगठ्याचं नख दाबून पाहायचं. नख रुतलं तर वडी परत जाळीवर.

"मऊ साबण फेस पुष्कळ देतो," ते सांगत, "पण तो खोटा. नुसते बुडबुडे. त्यात केस उभा राहत नाही, आडवा पडतो आणि बुडाशी शिल्लक राहतो. शिवाय जबड्याखाली बुळबुळ राहते ती वेगळीच. धुतली तरी जात नाही."

टाकीत उतरणाऱ्यांमध्ये त्यांचा मेव्हणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, हाताचा कसबी आणि तोंडाचा मोकळा. तो खुर्चीत बसला की म्हणायचा, "दाजी, तुमच्या वडीला जेवढी विश्रांती मिळते, तेवढी आमच्या ताईला मिळाली असती तर तिची कंबर दुखली नसती."

"मान हलवू नकोस," बुवा म्हणत.

बुवांना पंचवीस वर्षं झाली तेव्हा टाकीवाल्यांनी त्यांना भेट द्यायची ठरवली. शाल नको, घड्याळ नको, कामाची वस्तू द्यायची. मेव्हण्यानं तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून स्टीलचा डबा घडवला. आत तीन कप्पे, तीन वड्यांसाठी. वर झाकण, झाकणाला रबराची कड, दोन बाजूंना घट्ट बसणारे खटके. ज्यांचं सगळं आयुष्य हवा आत येऊ न देण्यात गेलं, ते दुसरं काय करणार? धुळीपासून जपायचं म्हणून त्यांनी साबणाला मास्कच चढवला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे शेडपाशी जमले. बुवांनी डबा हातात घेतला, खटका दाबला, झाकण बसल्याचा आवाज ऐकला. त्यांना त्याच क्षणी कळलं. त्या दिवशी बावीस दाढ्या झाल्या होत्या, एका वडीवर भागलं नव्हतं आणि तिन्ही वड्या ओल्या होत्या.

"ठेवा ना दाजी," मेव्हणा म्हणाला. "आमच्यादेखत ठेवा."

त्याच्या बोटांना पत्र्याचे ओरखडे होते. बुवांनी तिन्ही वड्या कप्प्यांत ठेवल्या. खटके मेव्हण्यानं स्वतःच्या हातानं लावले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शनिवार गेला, रविवार गेला. घरी बायकोनं दोनदा विचारलं, "माझ्या भावाच्या डब्यात ठेवलात ना साबण?" बुवा दोन्ही वेळा हो म्हणाले. शेडची किल्ली पहारेकऱ्याकडे होती. मागितली असती तर त्यानं दिली असती. पण कुणी पाहिलं तर काय वाटेल, या विचारानं त्यांनी मागितली नाही.

सोमवारी त्यांनी झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूनं थेंब ओघळले. तिन्ही वड्या चिखल झाल्या होत्या. नख दाबायची गरजच नव्हती, बोट ठेवलं तिथे खळगा पडला. नवी वडी घरी, आणि घर सायकलनं पाऊण तासावर.

पावणेनऊला मेव्हणा खुर्चीत येऊन बसला. त्या दिवशी एकटा तोच उतरणार होता, सात नंबरच्या टाकीत. टाकीच्या तोंडाशी दोर धरून उभा राहणारा जोडीदार जन्मजात बिनदाढीचा. त्याचं खुर्चीत काही काम नव्हतं. घाई एवढ्यासाठी की दहाच्या आत उतरायला हवं. ऊन चढलं की लोखंड तापतं आणि वाफ दाट होते.

"काय दाजी, डबा कसा आहे?"

"चांगला आहे," बुवा म्हणाले.

आणि त्याच चिखलात त्यांनी ब्रश फिरवला. फेस आला, केवढा तरी आला. मेव्हणा आरशात पाहून म्हणाला, "बघा, डब्यातला साबण कसा फुलतो." वस्तरा गालावर आला तेव्हा बुवांना हाताला कळत होतं. केस कापला जात नव्हता, वाकत होता. त्यांनी दुसऱ्यांदा फेस लावला, उलट्या बाजूनं हात चालवला, तीनदा पाणी मारलं. मेव्हण्याचा गाल लाल झाला.

टाकीपाशी सेफ्टीच्या मॅडम आणि मुकादम उभे होते. मॅडमनी मेव्हण्याला मास्क चढवला, पट्टे ओढले आणि नळीचं तोंड तळव्यानं दाबून धरलं. "ओढा श्वास." बाहेरची हवा बंद असली की मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. तो थोडा चिकटला, मग डाव्या जबड्याखाली बारीक सूं आवाज आला आणि रबर सरकलं.

"परत," मॅडम म्हणाल्या.

परत तोच आवाज.

मुकादमानं घड्याळ पाहिलं. "नऊ वीस झालेत. पुसा तिथं जरा आणि पट्टा आवळा. एवढ्यानं काही होत नाही."

"आवळतो," मेव्हणा मास्कमधून म्हणाला. त्यानं हात पाठीमागे नेला. त्याच्या स्वभावात थांबणं नव्हतं. आपल्यामुळे काम अडलं हे त्याला कधी सहन झालं नव्हतं.

बुवा शेडमधून मागोमाग आले होते. ते पुढे झाले, मेव्हण्याच्या डोक्यावरून मास्क काढला आणि स्वतःच्या छातीशी धरला. पंचवीस वर्षांत त्यांनी मास्कला हात लावला नव्हता. ते त्यांचं कामच नव्हतं.

"चेहरा तयार नाही," ते म्हणाले.

"दाजी, द्या इकडे."

"नाही देणार. दाढी नीट झालेली नाही. मला माहीत होतं, तरी मी तुला खुर्चीतून उठवलं." त्यांनी मास्क आणखी घट्ट धरला. "तुझ्या डब्यात साबण पाघळला. तिन्ही वड्या. त्याला हवा लागते रे, आणि तू हवेला कुठे फटच ठेवली नाहीस."

मेव्हण्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"शुक्रवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"शुक्रवारीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी बोटं पाहिली," बुवा म्हणाले.

मुकादम मध्ये पडला. "माझ्याकडे क्रीमची ट्यूब आहे. ती लावा आणि संपवा."

"क्रीमचा तेलकटपणा रबराखाली राहतो," मॅडम म्हणाल्या. "ते चालणार नाही. बुवा, तुम्हाला किती वेळ लागेल?"

बुवा शेडकडे चालू लागले होते. त्यांनी सर्वांत मोठी वडी उचलली आणि चाकूच्या पाठीनं वरचा चिखल खरवडायला घेतला. एक थर निघाला, आतला जरा घट्ट. दुसरा निघाला. मुठीएवढी वडी लिंबाएवढी झाली, मग सुपारीएवढी. तिथे नख टेकलं आणि रुतलं नाही, पण वरून अजून चिकट लागत होतं.

मेव्हणा दारात उभा होता. त्याला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो वळला आणि टाकीकडची हवेची नळी ओढत घेऊन आला. जी नळी आत त्याला श्वास देणार होती तीच.

"धरा हिच्यासमोर," तो म्हणाला.

बुवांनी ती सुपारी चिमटीत धरली. कोरडी गार हवा तिच्यावर फुंकर घालत राहिली. पाच मिनिटं दोघं समोरासमोर उभे होते, एकानं नळी धरलेली, दुसऱ्यानं साबण. मुकादम बाहेर येरझारा घालत होता. नऊ पस्तीसला बुवांनी ती वडी पकडीसाठी एका खिळ्यावर टोचली आणि नखानं वाजवली. टक् असा आवाज आला.

"बस."

या वेळी फेस थोडाच आला, पण सायीसारखा दाट. बुवांनी तो बोटांनी जबड्याखाली जिरवला. वस्तरा खाली उतरला तेव्हा बारीक चर्र आवाज झाला, केस कापला जातो तेव्हाचा. मेव्हण्यानं डोळे मिटले होते. बुवांचं कपाळ घामानं भरलं होतं, पण घामाचा थेंब त्याच्या गालावर पडू नये म्हणून ते मान मागे टाकून काम करत होते.

टाकीपाशी मॅडमनी पुन्हा नळी दाबली. मास्क चेहऱ्यावर असा बसला की गाल आत ओढले गेले. त्यांनी दहा आकडे मोजले. आवाज नाही. दहाला आठ मिनिटं कमी असताना मेव्हणा शिडीनं खाली गेला.

बुवा एरवी त्यानंतर शेडमध्ये जाऊन बसत. आज ते तिथेच उभे राहिले. आतून दर दोन मिनिटांनी दोराला एक हिसका यायचा, म्हणजे सगळं ठीक. जोडीदार प्रत्येक हिसक्याला मान डोलवत होता. पाच आले, नऊ आले, बारा आले. तेरावा आला नाही. जोडीदारानं दोर जरा ताणला. मॅडम पुढे वाकल्या. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. बुवांनी दोराला हात घातला. मॅडम म्हणाल्या, "थांबा," आणि त्याच वेळी दोराला हिसका बसला. एकदा, मग लगेच तीनदा. वर येतो, अशी ती खूण.

मेव्हणा बाहेर आला, जमिनीवर टेकला. मास्क निघाला. रबरानं त्याच्या चेहऱ्याभोवती एक तांबडी रेघ उमटवली होती. बुवांनी गुडघे टेकून ती रेघ बोटानं चाचपली. कपाळ, गाल, जबड्याखालून हनुवटी, परत वर. कुठेही तुटली नव्हती. हनुवटीवर मात्र टेंगूळ आलं होतं.

"पाय घसरला," मेव्हणा दम घेत म्हणाला. "तोंड शिडीवर आपटलं. मला वाटलं, गेला मास्क." तो थोडा थांबला. "हलला नाही."

बुवा तिथेच बसून राहिले.

"दाजी, ताईला यातलं काही सांगू नका."

"सांगणार," कोरडेबुवा म्हणाले. "मी बोललो नाही म्हणून आज काय झालं असतं, ते तिलाही कळू दे. तू आधी पाणी पी."