बाबांच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड

कुणी भुताखेतांचं काढलं की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण झालं ते झालं.

आम्ही डोणगावचे. मी घरूनच कॉम्प्युटरवर डिझाइनची कामं करतो. नेट बाबांच्या मोबाईलवरून — तेही यूएसबी केबलने. हॉटस्पॉटचा पासवर्ड मागितला की बाबा हसायचे. "केबल लाव बे! पासवर्ड कायले पाह्यजे तुले?" शेवटपर्यंत सांगितला नाही.

बाबा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या मोबाईलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. माय रोज दुपारी तो कानाला लावून बसायची आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्याशी झालेलं बाबांचं भांडण ऐकायची! तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा. मायने कॉम्प्युटर पुजला, बाबांचा मोबाईल पुजला आणि ओलं हळद-कुंकू नेमकं चार्जिंगच्या भोकात लावलं. "तो जेवते तं तिथूनच न?" मला हे नंतर कळलं. मी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घ्यायला म्हणून केबल लावली... मोबाईल चटका बसेल इतका तापला आणि बंद. मेहकरच्या मेकॅनिकने खोलून पाहिला. म्हणाला, बोर्ड जळला, आता काही निघत नाही. मायनं अन्न टाकलं. "म्याच त्याईचा आवाज मारला रे," एवढंच घोकत बसली. मला तिची काळजी वाटायला लागली.

मोबाईल तिकडेच राहिला. इकडे माझं काम अडलं, म्हणून शेजारच्यांचं वायफाय घ्यायला यूएसबीचा डोंगल आणला. भर दुपारी लावला, नेटवर्कची यादी उघडली — वर शेजारी आणि खाली 'दादाराव'. बाबांचं नाव. त्यांच्या हॉटस्पॉटला हेच नाव होतं!

घाबरलो वगैरे नाही. म्हटलं, कुणीतरी मस्करी करून राह्यलं. मेकॅनिकला फोन लावला. "भाऊ, मोबाईल तं टेबलावर खुलाच पडला हाय. बॅटरीबी काढून ठेवली न!" गल्लीत विचारलं, कुणाचंच तसं नाव नाही. कॉम्प्युटरला तर याआधी वायफाय कधी नव्हतंच, मग जुनं काही साठवलेलं असण्याचा प्रश्नच नाही.

माय शेजारी येऊन बसली. "काय मांगून राह्यला तो?"

"पासवर्ड."

शेताचं नाव, माझं, माझ्या पोरीचं... सगळं चूक. आता राहिलं एकच. पण बाबांनी मायचं नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं. 'अवो' नाहीतर 'ऐकलं का'. लग्नात उखाण्यालाही 'घेतलं समजा' म्हणून सुटले होते, असं नातेवाईक अजून सांगतात. उगाच आपलं टाकून पाहिलं — कौतिकाबाई.

कनेक्टेड.

नेट काही आलं नाही. जरा वेळानं ते नावही यादीतून गेलं, पुन्हा कधी दिसलं नाही. बॅटरी काढलेला मोबाईल मेहकरात पडलेला असताना सिग्नल आला कुठून? ज्याला त्याला विचारून झालं. इथं कुणी जाणकार असेल तर सांगा बुवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मायला मात्र काहीच जाणून घ्यायचं नाही. "कोणतं नाव टाकलं रे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. साठी उलटलेली बाई, पदर तोंडाला लावून लाजली!

"आवाज गेला तं जाऊ दे," ती म्हणाली. "नाव तं घेतलं न त्याईनं."

मग उठली आणि स्वतःच ताट वाढून घेतलं.