सीडीची काळी किनार

चित्रकलेच्या मास्तरानं रेषेत चुकावं, फार तर रंगात चुकावं. मी चुकलो तो थेट एका माणसाच्या जिवात! कसं, ते सांगतो. तुम्ही चहा घ्या.

फोन आला तो साधा रविवार होता. मी दोरीवर कपडे वाळत घालत होतो. शेजारच्या मुळेकाकू ओरडल्या, "मास्तर, मुंबईचा फोन हाय! पळा!"

फोनवर सुनंदा, माझ्या मेहुणीची मुलगी. मुंबईत गाण्यांच्या एका कंपनीत चित्रं काढायला तात्पुरती लागलेली.

"काका, मला एका पॉप अल्बमच्या सीडीचं वेष्टण करायला दिलंय. नमुना पाठवलाय. बुधवारी दुपारी साहेब बघणार. पसंत पडला तर नोकरी पक्की, न्हाईतर मी घरी. मावशी असती तर तिलाच दाखवलं असतं. आता तुमीच सांगा."

"येऊ दे, बघतो," मी म्हणालो. आवाजात काय तो विश्वास!

विश्वास असणारच हो. शालिनी, माझी पत्नी, आदल्या वर्षी गेली. तिच्या तेराव्याची पत्रिका मी स्वतः काढली. लोकांना आवडली. मग गंगाखेडहून एक गृहस्थ आले, पेडगावहून दुसरे. "मास्तर, आमच्या वडलांची बी तशीच काढा." वर्षभरात अशा पत्रिकांतला मी जिल्ह्यातला जाणकार झालो म्हणा ना! काळ्या किनारीचं माप बोटांत बसलेलं.

नमुना घेऊन येणाऱ्या ओळखीच्या माणसाची गाडी लेट झाली. पाकीट हातात पडलं ते बुधवारी दुपारी, सेलूच्या कापूस बाजारासमोरच्या हॉटेलात. सोबत माझे दोन मित्र: शेतकरी रंगनाथराव आणि शाळेतले कांबळे सर. विद्यापीठ नामांतराच्या सभांमुळे सरांना उभ्या उभ्या ठराव मांडायची सवय लागलेली.

पाकीट फोडलं. आत तळहाताएवढा घडीचा कागद. पांढरी जमीन, चारी बाजूंनी काळी किनार. मधोमध लंबगोलात तरुण मुलाचा फोटो, डोळे मिटलेले. वर आभाळात एकटं पाखरू. घडी उघडली, तर आत नावांची रांग: आई, बाबा, दादा, वहिनी, सर्व मित्रमंडळी.

मी चष्मा काढला. हो, सांगा ना, तुम्ही काय समजला असता?

"गेला बिचारा," मी म्हणालो.

"कोण?" रंगनाथराव.

"हा गाणारा. मरणोत्तर काढलाय अल्बम. किनार बघा, पाखरू बघा. आणि आत हे सगळे शोकाकुल."

"अरारा! वय तरी काय हाय पोराचं! कशानं गेला?"

"मोटारसायकल असणार," कांबळे सर म्हणाले. "ही मुंबईची पोरं लय जोरात चालवतात."

"न्हाई हो, चेहरा सुकलाय. कावीळ असंल," रंगनाथरावांनी निदान केलं. "येळंला औषध मिळालं न्हाई."

सर उठले. "मित्रहो, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

सगळं हॉटेल उभं राहिलं. हॉटेलवालाही हात जोडून उभा. शेगडीवरचं दूध उतू गेलं, पण कुणी हललं नाही!

तिथून मी तडक एसटीडी बूथवर. बैठक सुरू झाली असणार, पोरीची नोकरी टांगणीला. फोन लागताच मी सुरूच झालो.

"सुनंदा, काम उत्तम! फक्त किनार एक सूत जाड कर. फोटोला हार हवा, बारीक शेवंतीचा. आतल्या नावांवर 'शोकाकुल' लिहायचं राहिलंय. आणि मृत्यूची तारीख कुठंय?"

पलीकडून हलक्या आवाजात, "काका, कोण गेलं?"

"अगं, तुझा गायक!"

"काका… तो माझ्यासमोर बसून चहा पितोय."

"आँ?"

"आतली नावं आभाराची हायेत. आन् फोनचा आवाज मोठा ठेवलाय. साहेबच म्हणाले, तुमचे काका जाणकार आहेत, आमालाबी ऐकू द्या."

तेवढ्यात फोनमधून तरुण, खणखणीत आवाज आला. "नमस्कार काका. मी आहे अजून."

सवयीनं तोंडातून गेलं, "ईश्वर आपल्या कुटुंबीयांना बळ देवो."

फोन मी ठेवला की हातातून सुटला, सांगता येत नाही. पोरीच्या पोटावर पाय दिला, एवढंच डोक्यात. पण रात्री तिचाच फोन आला. ती हसत होती की रडत होती, नीट कळेना. गायकानं काळ्या किनारीचं वेष्टण घ्यायला साफ नकार दिला होता. साहेबांनी एक संधी दिली. तिनं तिथंच बसून हळदीच्या रंगाची किनार काढली. नोकरी पक्की झाली.

महिन्यानं छापील सीडी घरी आली. आत आभारांच्या रांगेत सगळ्यांत खाली छापलं होतं: सेलूचे काका.

कांबळे सरांनी ते वाचलं आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, अभिनंदन! शोकाकुलांत तुमचंबी नाव आलं!"

तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "मास्तर, गाणी कशी हायेत?" मी किनारीबद्दल बोलतो, अक्षरांबद्दल बोलतो, पाखराच्या पंखांबद्दल तर तासभर बोलू शकतो. सीडी वाजवायचं यंत्र सेलूत कुणाकडंच नाही. गाणी मी अजून ऐकलेली नाहीत.