अंधारात पाहणारा कॅमेरा

समस्त जनांस, आणि विशेषतः माझ्या धर्मपत्नीस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आमच्या घरातील कॅमेरा दिवेलागणीनंतर आंधळा होत असून, त्याच्या जागी वापरलेला का असेना, परंतु अंधारात उत्तम पाहणारा कॅमेरा तातडीने घेणे कुटुंबाच्या हिताचे आहे.

हे निवेदन मी नांदुऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात कागद धरून, खड्या आवाजात वाचून दाखवलं. बायकोने भाकर उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "कागद तं कोरा हाये जी."

तिला सगळं दिसतं. अडचण तीच होती.

कारण कॅमेऱ्याला काहीच झालं नव्हतं, झालं होतं मला. दिवसा मी आमच्या खताच्या दुकानातल्या पिशवीवरचा बारीक मजकूर दारातून वाचतो. पण ऊन उतरलं की माझ्यापुढे कोणीतरी काळं घोंगडं धरल्यासारखं होतं. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी एकटाच जाऊन आलो. "हे वाढत जाणार," ते म्हणाले. "संध्याकाळी गाडी चालवायची नाही, आणि घरच्यांना आजच सांगा." त्यांची चिठ्ठी मी घडी करून कॅमेऱ्याच्या बॅगेत, चार्जरखाली ठेवली. आमच्या घरात ती एकच जागा बायको उघडत नाही.

मग सुरू झालं माझं नाटक, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला त्याची मजाही वाटली. अंगणातल्या बादलीला अडखळलो तेव्हा "रस्त्यात बादली कोणी ठेवली?" असा गरजलो की शेजारचे गृहस्थ माफी मागायला आले. बादली आमचीच होती. एकदा दिवे गेले असताना खुर्ची समजून थेट मेहुण्याच्या मांडीवर बसलो. आता बसलोच आहोत म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकला आणि गालगुच्चा घेतला. घर खो-खो हसलं. मी मात्र दिवे येईपर्यंत तिथून उठलो नाही.

पण मोटरसायकलवर असलं काही चालत नाही. शेतातून परतताना, अजून आकाशात तांबडं होतं तेव्हा, बायको मागून किंचाळली आणि मी ब्रेक दाबला. कापसाने भरलेली बैलगाडी समोर उभी होती. चाक तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"दिसली नव्हती काय?" तिने विचारलं.

"दिसली होती ना. तुझं लक्ष आहे का ते पाहत होतो."

ती हसली. "येडे का खुळे," म्हणाली, आणि तिने पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मला घरापर्यंत पेललं नाही. जेवताना सांगू म्हटलं. जेवण झालं, सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात भाचीची हळद होती. फोटोवाल्याने क्षणभर त्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मी सहज डोळा लावला. आत छोटासा पडदा होता, आणि त्या पडद्यावर संध्याकाळ होती. कडुनिंब, खुर्च्या, पंगतीच्या पत्रावळी, आणि पार टोकाला हनुवटीला हळद लागलेली माझी बायको. डोळा बाजूला केला, सगळं काळं. पुन्हा लावला, बायको. चार-पाच वेळा मी तेच करत राहिलो. किती दिवसांनी मी तिला त्या वेळेला पाहत होतो.

तिथेच माझ्या डोक्यात बेत शिजला. असला एक कॅमेरा गळ्यात असला की संध्याकाळभर तो डोळ्याला लावून हिंडायचं. लोक म्हणतील, याला फोटोचं वेड लागलं. वेडाला कोणी डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाही. गाडीचं काय करायचं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

जुने कॅमेरे विकणारा मलकापुरात होता. बायको सोबत आली. त्याने काउंटरवर दोन मांडले.

"हा मोठा घ्या भाऊ, आरशाचा," तो म्हणाला. "सेन्सर मोठा हाये, अंधारात फोटो एकदम साफ. लयच कमी वापरलेला. तो लहाना आतल्या पडद्याचा हाये, पण लग्नाइत घासून गेला. रबर पाहा कसं सुटलं."

"मला लहानच हवा," मी म्हणालो.

"काऊन जी?" बायको म्हणाली. "फोटो तं मोठ्याचा चांगला येते म्हंतात ना ते?"

"वजन फार आहे गं. मान दुखेल."

"दुकानात खताचे पोते उचलता तवा नाई दुखत मान?"

दुकानदार हसला. "भांडू नका वहिनी. मागं आमचं ढेपेचं गोदाम हाये, अंधुक हाये, तिथं दोन्ही लावून पाहू द्या त्यायले. पहिले मोठा."

बाहेर भर दुपार होती. गोदामात दोन पावलं टाकली आणि मी काळ्या भिंतीत शिरलो. सरकीच्या ढेपेचा वास तेवढा कळत होता. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला. आरशातून दिसतं ते आपल्या डोळ्याला दिसतं तेवढंच, त्यामुळे तिथेही काळोखच. पण दारात बायको आणि दुकानदार उभे होते. मग मी कलाकार झालो. गुडघा वाकवला, मान तिरकी केली, "वा!" म्हणालो, आणि समोरच्या पोत्यांना दरडावून सांगितलं, "हलू नका! अगदी तस्सेच!" बटण दाबलं.

उजेडात येऊन मी कॅमेरा ऐटीत बायकोच्या हातात दिला. फोटो खरंच अप्रतिम होता. पोत्यांची शिवण दिसत होती. आणि पोत्यांच्या पुढे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दुकानदाराचे वडील उभे होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि माझ्याकडे पुढे केलेला कपबशीतला चहा.

बायकोने फोटो पाहिला, मग मला. "तुमी चहा नाई घेतला?"

"फोटो बिघडला असता."

ती हसली नाही. तिने माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे पाहिलं, मग रस्त्यावर उभ्या आमच्या मोटरसायकलकडे. मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारबाबा साय धरलेला तो कप घेऊन गोदामाच्या दारातून बाहेर आले.

"हलू नका म्हतलं म्हून हाल्लो नाई मी," ते म्हणाले. "पण काऊन हो भाऊ, तुमच्या मशीनले दिसलो, अन् तुमाले नाई दिसलो काय?"