पितळ म्हणून विकलेला पत्रा

मंडळी, आज डोकंच फिरलं. शुक्रवार, आठवड्याची सुट्टी, कापडाचे लूम बंद. माझा कारागीर तुकाराम मरळ धरायला शेलार गावच्या नदीवर गेला. माशाला भुलवायला गळावर नवा पितळी चमचा लावलेला.

दुपारी रिकामा परतला. "शेठ, माझ्या हातालाच गुण न्हाय."

चमचा ओट्यावर टाकला तेव्हा माझे कान टवकारले. पितळ असं वाजतं होय? नुसता मुलामा दिलेला पत्रा! इतका हलका, की खोल जाईच ना.

त्याने तो घेतला होता त्या निजामपुऱ्यातल्या दुकानात तसाच गेलो. दुकानदार हसतो, "सेठ, मछली को क्या मालूम?"

"मासळीला कळलं की! फसला तो माणूस!"

अस्सल पितळेचा चमचा घेऊनच उठलो. पण तुकारामने सकाळभर स्वतःच्या हाताला बोल लावला. त्याची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी कोण बदलून देणार, सांगा!